मिठाची लाईन

मिठागरावरच्या माणसाचं वय त्याच्या पायांवरून सांगता येत नाही. माझ्या बाचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा तो चाळिशीचा असेल, पण पाय एखाद्या म्हाताऱ्याचे होते. टाचांना चिरा, बोटं फाकलेली, तळवे पांढरट आणि कडक. उन्हाळाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून ते इतके बधिर झाले होते, की एकदा तळव्यात मोडलेला बाभळीचा काटा आयनं सुईनं उकरून काढला तेव्हा बानं तो बोटांत धरून पाहिला आणि म्हणाला, “कवा गेला हा?” आम्ही सगळे हसलो होतो. बाही हसला. खाडीकाठच्या आमच्या पाड्यात सगळ्याच बाप्यांचे पाय असे होते, त्यामुळे त्यात दुःख करण्यासारखं काही आहे हे मला फार उशिरा, बाहेरच्या माणसांचे पाय पाहिल्यावर कळलं.

मिठागर मालकाचं. आमचे फक्त हात आणि पाय. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घातलेल्या खाचरांत कोंडायचं, उन्हात आटू द्यायचं, आणि खाली मीठ धरलं की लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं ते ओढून बांधाकडे आणायचं. त्या फावड्याचा खरखर आवाज पहाटेपासून सुरू व्हायचा. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, पण बा कामाला लागला हे अंथरुणात पडल्या पडल्या कळे. मजुरी मिठाच्या मापावर. आणि त्यात एक रीत होती, ती पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवतो. बांधावर सांडलेलं मीठ मापात धरत नसत. मीठ खाचरातलं असेल तर आपलं, बांधाला लागलं की गेलं. मालकाच्या मुकादमाशी या गोष्टीवरून कोणी भांडल्याचं मला आठवत नाही. सूर्य पश्चिमेला बुडतो तसं ते होतं.

पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणजे चूलही अर्धी बंद. बा आणि आय दुसऱ्याच्या शेतात लावणीला जात. घरी पेज, आणि पेजेबरोबर चिखलातून धरून आणलेले निवटे किंवा चिंबोऱ्या, तेही मिळाले तर. एका वर्षी ऐन हंगामात उधाण आलं आणि बाहेरचा बांध फुटला. तयार मीठ एका भरतीत परत पाणी झालं. त्या वर्षी माझा मोठा भाऊ सांतान सातवीत होता. तो शाळेतून आला, पाटी कोनाड्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बाबरोबर बांध घालायला गेला. परत शाळेत जा असं त्याला कोणी म्हटलं नाही, आणि जाऊ नको असंही म्हटलं नाही. माझ्या वेळेला मात्र आय आडवी पडली. “याचे पाय मी खाऱ्या पान्यात घालू देनार नाय,” असं तिनं बाला सांगितलं. म्हणून मी शिकलो. माझ्या हुशारीमुळे शिकलो असं पुढे कित्येकजण म्हणाले; मी कधी हो म्हटलं नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पावसाळ्यात आय गेली. कावीळ झाली होती. अंगारा नाही, औषध नाही असं काही झालं नाही. फादरांनी स्वतः डॉक्टर आणला होता. पण ती गेली. पुरून आल्यावर आम्ही चौघं, म्हणजे बा, सांतान, मी आणि धाकटी रोजी, ओसरीवर बसलो आणि बसूनच राहिलो. त्यानंतर कितीतरी महिने आमच्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. मीठ दे. पाणी ठेवलंय. दार लाव. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना चालायची, ती आय सांगायची. आता रोजी सांगायची आणि आम्ही मागून म्हणायचो, पण आवाज भिंतीपलीकडे गेला नसता. रोजीचं कालवण खारट व्हायचं. कोणी बोलत नसे. मला तर ते खारट आहे हे कळायचंही नाही, ती स्वतःच घास घेऊन थांबायची, तेव्हा लक्षात यायचं.

आता फुटबॉलचं सांगतो. वसईत ख्रिस्ती गावांत मुलगा चालायला लागला की चेंडूला लाथ मारतो, आमच्याकडेही तेच. सांतान आमच्या पाड्याच्या संघाचा पुढचा खेळाडू. दिवसभर मिठागरात तुडवून आलेला माणूस संध्याकाळी अनवाणी असा पळायचा की बघणाऱ्याला शंका यावी, सकाळी काम करणारा हाच का. मी खेळाडू म्हणून बेताचा. पण कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी माझा एक गुण हेरला होता: मला भांडण आवडत नसे आणि पाहिलेली गोष्ट मी फिरवत नसे. त्यांनी मला मुंबईला रेफरीच्या वर्गाला धाडलं. तिथे मी नियमांचं पुस्तक पाठ केलं आणि परीक्षा पास झालो. आयला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “म्हंजे शिट्टी वाजवायची परीक्षा?” मी म्हटलं, हो. “पास झालास ना?” म्हटलं, हो. “मग झालं.”

गावच्या सणाच्या आगेमागे आमच्या पाड्यात स्पर्धा भरायची. भात कापून झालेलं शेत, धसकटं उपटून सपाट केलेलं, दोन्ही टोकांना बांबूचे गोल, मागे कोळ्यांकडून मागून आणलेली जुनी जाळी. लाईनी मारायच्या मिठानं. इतर गावांत चुना वापरत, पण आमच्याकडे खाचराच्या तळाशी राहिलेलं मातकट मीठ हवं तेवढं होतं. एरवी ते बागायतीचे वाडीवाले माडाच्या बुंध्यात घालायला गाडीनं न्यायचे. लाईन मारायचं काम बाचं. टोपली काखेत धरून तो दोरीच्या कडेनं चालायचा आणि मूठ मूठ सोडत जायचा. रेघ दोरीसारखी सरळ यायची, पण रुंदी मात्र ऐसपैस. बाचा हात मुळात कमी टाकणारा नव्हता. वाढताना, देताना, मीठ पसरताना, सगळीकडे तोच हात.

आमच्याकडे पूर्वापार नियम होता, लाईनीला लागला की गेला. हुतुतूत चालतो तोच. बाजूच्या लाईनीला चेंडू लागला की बाहेर, गोलच्या लाईनीला लागला की गोल. आय गेली त्या वर्षी बाहेरचे संघ येणार होते, वाडीकडचे, निर्मळच्या बाजूचे, म्हणून फादर म्हणाले, स्पर्धा पुस्तकातल्या नियमानं होऊ दे, आपल्याकडे परीक्षा पास झालेला मुलगा आहे. चर्चच्या आवारात बैठक झाली. मी उभा राहून सांगितलं, की लाईन मैदानाच्या आतली धरायची. चेंडू सगळाच्या सगळा लाईनीपलीकडे गेला तर गेला. कडेनंसुद्धा लाईनीवर असला, तरी आत.

जुजे काका आमच्या संघाचे कर्ते. त्यांचा आवाज सगळ्या खाडीला ऐकू जाई. ते म्हणाले, “लाईन आतली? मंग भायेरची कंची?”

“लाईन संपली की बाहेर, काका.”

“आरं, बांध काय खाचरात धरतात काय? कॉलेजात बांध खाचरात शिकवला तुला?”

लोक हसले. बा मागे भिंतीला टेकून बसला होता. तो एवढंच म्हणाला, “पुस्तकात असंल तर असंल. पोरगा वाचून आलाय.” मला त्या वेळी अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही असेल. पण आय गेल्यापासून असं व्हायचं, की काही वाटलं तर ते मला दुसऱ्या दिवशी कळायचं. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर फादरांनी नियम सगळ्यांना वाचून दाखवला, म्हणजे नंतर कोणी माहीत नव्हतं म्हणायला नको. लाईन किती रुंद असावी तेही पुस्तकात होतं. मी बाला हाताच्या बोटांनी दाखवलं. तो म्हणाला, “एवढीशी? दिसंल का?” पण त्यानं ती तशी मारली.

उपांत्य सामन्यात त्या नियमानं आमचा पाडा वाचला. मी लाईन्समन होतो. समोरच्या संघाचा चेंडू आमच्या गोलकीपरच्या हाताखालून सुटला आणि रांगत रांगत जाऊन बरोबर मिठाच्या रेघेवर थांबला. थांबला म्हणजे थांबलाच, अंड्यासारखा. ते हात वर करून नाचायला लागले. आमचे लोक डोक्याला हात लावून बसले, कारण जुन्या सवयीनं तो गोल होता. मी झेंडा खाली धरून उभा राहिलो. गोल नाही. आमच्या गोलकीपरनं चेंडू उचलला आणि खेळ चालू. सामना संपल्यावर जुजे काकांनी मला खांद्यावर घेतलं. “बांध खाचरातलाच रं बाबा!” असं ओरडत ते मला घेऊन मैदानाला फेरी मारून आले. सांतान बाजूनं चालत होता. त्यानं माझ्या पायाला एकदा हात लावला. घरी आल्यावर आम्ही चौघं जेवलो आणि झोपलो.

अंतिम सामन्याआधी बातमी आली की मुंबईच्या गोदीतल्या एका कारखान्याचा माणूस खेळाडू बघायला येणार आहे. तेव्हा मोठ्या कारखान्यांचे फुटबॉलचे संघ असत आणि चांगल्या खेळाडूला ते नोकरी देत. कायमची नोकरी. सकाळी हजेरी लावायची, दुपारी सराव करायचा. आमच्या भागातली काही पोरं अशी गेली होती; त्यांच्या घरांवर कौलं चढलेली आम्ही पाहत होतो. सांतानचं वय उतरत चाललं होतं. आणखी एकदोन वर्षांनी त्याला कोणी पाहायलाही आलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि बाला तर आमच्याहून जास्त ठाऊक होतं. सामन्याच्या दिवशी बा उठला तो थेट मैदानावर गेला. सांतान घरी बसून पायाच्या बोटांना चिंध्या बांधत होता. रोजीनं त्याला तांदळाची भाकर आणि गूळ दिला. त्यानं अर्धी खाल्ली. मला म्हणाला, “कारखान्यात पानी नसतं ना रं?”

मी म्हटलं, “प्यायला असतं.”

“तसं नाय. उभं राहायला.”

“नसतं.”

“बरं,” म्हणाला, आणि दुसऱ्या पायाला चिंधी बांधायला लागला.

समोर निर्मळच्या बाजूचा, वाडीवाल्यांचा संघ होता. त्यांचे म्होरके बस्त्याव काका, केळीच्या बागा असलेला, धोतर-कोट घालणारा माणूस. रेफरी मुंबईहून आला होता, एक लाईन्समन त्यानंच बरोबर आणला. दुसरा यायचा होता तो आलाच नाही. फादरांनी माझं नाव घेतलं तेव्हा बस्त्याव काका उभे राहिले. “वा! बापानं लाईन मारायची, एका पोरानं गोल मारायचा आणि दुसऱ्यानं तो बघायचा! आमी काय जेवायला आलो हाओ का?” त्यांची माणसं हसली. माझ्या पाड्याची माणसं उठली. रेफरी शांत माणूस होता. त्यानं बस्त्याव काकांना विचारलं, दुसरा कोणी परीक्षा पास झालेला असेल तर द्या. नव्हता. मग काका माझ्याकडे बघून म्हणाले, “बाबा, उपांत्यला तू जे केलंस ते बरोबर होतं म्हनतात. बगू आज.” त्यात टोमणा होता, पण सगळा टोमणाच होता असं आज मला वाटत नाही.

सामन्याआधी रेफरी सगळ्या लाईनीवरून फिरला. लाईन बरोबर होती, बांबूच्या जाडीएवढी, बांबूच्या रेषेत. मी त्याच्या मागे होतो, मीही पाहिली. पहिल्या अर्ध्यात वाडीवाल्यांनी एक गोल केला. सांतान चांगला खेळला. कारखान्याचा माणूस छत्रीखाली बसून त्याच्याकडे बोट दाखवत फादरांशी काही बोलला, ते सगळ्या मैदानानं पाहिलं. मध्यंतरात पोरं लिंबू चोखत बसली. माझ्या टोकाच्या गोलासमोर पायांनी इतकं तुडवलं गेलं होतं की रेघ दिसेनाशी झाली होती. बा टोपली घेऊन आला. आता या गोलावर सांतानचा संघ चाल करणार होता, हे त्याला माहीत होतंच. तो वाकून चालला आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत त्यानं मीठ सोडलं. दोरी नव्हती, घाई होती, आणि मनात काय होतं देव जाणे. मी तेव्हा रेफरीकडे पाणी प्यायला गेलो होतो. परत आलो तेव्हा शिट्टी झाली होती. मी माझ्या जागी धावलो आणि पाहिलं, तर गोलासमोरची रेघ एवढी ठळक, एवढी रुंद, की ती खांबांच्या मागे गोलाच्या आत चांगली वीतभर गेलेली. चालू खेळात लाईन पुसता येत नाही. आणि दोन्ही संघांना ती सारखीच दिसत होती.

सामना संपायला थोडाच वेळ होता. सांतानला चेंडू मिळाला तो डाव्या अंगाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि तिरकी लाथ मारली. चेंडू आडव्या बांबूच्या खालच्या अंगाला लागला. ठक्कन आवाज झाला. खाली आदळला, आणि उसळून पुढे आला तो वाडीवाल्यांच्या माणसानं दूर मारला. हे सगळं पापणी लवते तेवढ्यात. मी गोलच्या रेषेत उभा होतो. चेंडू कुठे आदळला ते मी पाहिलं. आजही डोळे मिटले की ते जसंच्या तसं दिसतं, कारण ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात स्पष्ट पाहिलेली गोष्ट आहे. चेंडू खांबांच्या मागे पडला होता. आणि मिठावर पडला होता.

गोल झाला की लाईन्समननं मधल्या रेषेकडे धावायचं, ही खूण. नसेल तर जागेवर उभं राहायचं. आमच्या सगळ्या पाड्याचे हात वर होते. सांतान हात पसरून माझ्याकडे धावत येत होता. रेफरी लांब होता, त्याची नजर माझ्यावर. मी हललो नाही.

सांतान माझ्यासमोर येऊन थांबला. “दादा, नाही,” एवढंच मी म्हणालो. त्याला भाऊ म्हणून हाक मारायची वेळ ती नव्हती, पण निघालं तोंडातून. रेफरी शिट्टी वाजवून आला. चेंडू मागवला. चामड्याच्या त्या चेंडूला सकाळी खोबरेल चोळलं होतं. एका बाजूला करड्या मिठाचे खडे चिकटलेले होते. त्यानं ते अंगठ्यानं चाचपले.

“लाईनीवर?”

“हो सर.”

“सगळा पलीकडे गेला नाही?”

“लाईनीपलीकडे गेला नाही.”

त्यानं चेंडू जमिनीवर टाकला आणि खेळ सुरू केला. जुजे काका आत घुसायला बघत होते, त्यांना फादरांनी धरलं. “बांध खाचरातला काय रं! भाव हाय तुजा, भाव!” असं ते ओरडत होते. मी लाईनीवरून वरखाली धावत राहिलो. पाय माझे होते एवढंच मला माहीत होतं. सामना तसाच संपला. कारखान्याच्या माणसानं वाडीवाल्यांची दोन पोरं घेतली. सांतानच्या पाठीवर थाप मारून तो गेला. एक पोरगा घेतल्यावर त्या माणसाकडे एकच जागा उरली होती, आणि ती त्यानं गोल मारणाऱ्याला दिली, असं फादरांनी नंतर आम्हाला सांगितलं.

घरी काहीच झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटल्याचं आठवत नाही. रोजीनं आंबवलेल्या पिठाचे सणाचे फुगे तळले होते आणि डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट इंद्याल होतं, शेजारणीनं दिलेलं. आम्ही जेवलो. फुगे थंड झाले होते. बा म्हणाला, “उद्या वरच्या खाचराचं मीठ काढायचंय.” सांतान म्हणाला, “काढू.” नंतरचे कितीतरी दिवस पाड्यात माझ्याशी कोणी बोललं नाही. विहिरीवर गेलो की बाया बाजूला सरायच्या. पोरं मला लांबून “ओ लाईन!” म्हणून हाक मारायची आणि पळायची. बाला मात्र सगळे भेटायचे, हात धरायचे, म्हणायचे, पेद्रू, पोरगा शिकला आणि फुकट गेला. बा मान हलवायचा. माझ्या वतीनं तो एक शब्द बोलला नाही. मला त्याचा राग आला असेल. कळलं नाही.

परीक्षा जवळ आली होती, पण पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती उभी राहायची. कॉलेज सोडून मुंबईत कुठे चिकटावं असं मी ठरवत आणलं होतं. एका सकाळी बा मुकादमाकडे गेला असताना सांतान म्हणाला, चल जरा. मी त्याच्याबरोबर मिठागरात गेलो. आयच्या हट्टामुळे मी कधी खाचरात उतरलो नव्हतो. त्याही दिवशी बांधावरच उभा राहिलो. तो आत उभा होता, घोट्याएवढ्या पाण्यात. फावडं ओढत ओढत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “खरं सांग. चेंडू खांबाच्या मागं पडला ना?”

“पडला.”

“मंग?”

“मीठ तिथपर्यंत होतं.”

त्यानं फावडं थांबवलं. “मध्यंतराला मारलेलं.”

“हो.”

“रुंद मारलं होतं.”

“हो.”

वारा होता, पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या. बाजूच्या खाचरात कोणीतरी तुडवत होतं, त्याचा चपचप आवाज येत होता. मग सांतान म्हणाला, “सकाळी होती तेवढीच असती तर गोल होता.”

“होता.”

“बाला म्हाईत हाय?”

“नाही. त्याला वाटतं, मी पुस्तक धरून बसलो.”

“मंग तसंच वाटू दे,” सांतान म्हणाला. “त्याला सांगायचं नाय. कवाच नाय. त्यानं माझ्यासाठीच ते मीठ टाकलं. दिसावं म्हनून.” आणि मग पुन्हा फावडं ओढायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, “तू तिकडं मुंबईला जायचं बोलतोयस म्हनं. रोजीनं सांगितलं. जाऊ नको. परीक्षेला बस. मी हितंच हाय, तू बी शिक्षन सोडलंस तर आयला काय सांगायचं?”

मी हो म्हटलं. दोघांपैकी कोणीही रडलं नाही. मी घरी आलो आणि पुस्तक उघडलं.

पुढे मी बरीच वर्षं रेफरी होतो. एकदा मुंबईत नियमांच्या जाणत्या माणसाला मी ही गोष्ट कोणाची ते न सांगता विचारली. तो म्हणाला, लाईन आणि खांब यांची रुंदी सारखी हवी, नसेल तर सामना सुरू होण्याआधी दुरुस्त करावी. पण एकदा खेळ सुरू झाला की मैदानावर काढलेली लाईन हीच लाईन, लाईन्समननं बरोबर केलं. मला त्याच्याकडून ते ऐकायची गरज नव्हती. मी खांबाकडे पाहून गोल दिला असता, तर बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलेला नियम मी माझ्या घरासाठी वाकवला असता, आणि चेंडूला चिकटलेलं मीठ बस्त्याव काकांनी सगळ्यांना दाखवलं असतं. आज मला परत तिथे उभं केलं तरी मी हलणार नाही. हे मी ताठ मानेनं लिहितो. पण त्यानं सांतानच्या पायांखालचं पाणी आटलं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

बानं मरेपर्यंत मला माफ केलं, असं मी म्हणू शकत नाही, कारण त्यानं कधी दोष दिलाच नाही. एवढंच, की त्या सामन्यानंतर तो कुठल्याही मैदानावर गेला नाही. लाईनी मारायला पाड्यानं दुसरा माणूस धरला. कोणी फुटबॉलचा विषय काढला तर बा ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, “आमच्या इनासला नियम सगळे पाठ.” हे तो माझं कौतुक म्हणून सांगायचा की तक्रार म्हणून, ते मला कळलं नाही. सांतान मिठागर विकलं जाईपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या पायांकडे बघायचं मी टाळतो, आणि तो पाय पुढे करून बसतो.

मी परीक्षेला बसलो. पुढे दुसऱ्या वर्गात बी.ए. पास झालो. आमच्या घरात आणि आमच्या पाड्यात पदवी घेतलेला मी पहिला. आणि ती मिठाची लाईन किती रुंद होती, ते बाला शेवटपर्यंत कळलं नाही. तेवढं आम्ही दोघा भावांनी सांभाळलं.